विलायती पटाशीची पाठ

बाबा, इंग्लंडहून एक पार्सल आलं त्याला आता महिना होईल, आणि ते मी कशासाठी मागवलं हे तुम्हाला सांगायला हवं. खरं तर मूळ गोष्ट शेहेचाळीस वर्षांपूर्वीच सांगायला हवी होती, पण तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि धाडस नव्हतं. खोका बुटांच्या खोक्यापेक्षाही लहान, पण आमच्या सोसायटीच्या वॉचमनने तो उचलला आणि लगेच परत खाली ठेवला. आत दगड आहे का, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं तर त्याला वाटलं मॅडम चिडल्या. वर घरात आई दिवाणखान्यात मटार सोलत बसली होती. तिचं वय आता एक्याऐंशी, ऐकू कमी येतं, पण नको ते बरोबर ऐकू येतं. परदेशातून दगड मागवलाय म्हटल्यावर तिने मटाराची शेंग हातातच धरली आणि म्हणाली, "का, बदलापुरातले संपले?" मग थोड्या वेळाने, माझ्या बाल्कनीतल्या लाकडाच्या ढिगाकडे बघत, घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असंही म्हणून घेतलं. किंमत विचारली तेव्हा मी निम्मीच सांगितली. तेवढीही तिला जास्त वाटली.

तुम्ही असतात तर किंमत विचारली नसतीत. खोका उघडायच्या आधी हातात तोलून बघितला असतात, मग दगड काढून त्यावरून अंगठा फिरवला असतात आणि पाच मिनिटं कोणाशी बोलला नसतात. तुमचं ते रूप मला पाठ आहे. अंबरनाथ एमआयडीसीतल्या त्या ओतकामाच्या कारखान्यात शाळेला सुट्टी असली की मी तुमचा डबा घेऊन यायची. गेटवरचा माणूस मला ओळखायचा, पॅटर्न शॉपपर्यंत सोडायचा. बाकी सगळा कारखाना काळा, आणि तुमची ती एक खोली तेवढी सोनेरी, सागाच्या भुशाने भरलेली. तुम्ही लाकडात पंप कोरायचात, भट्टीवाले वाळूत त्याचा ठसा घेऊन तो लोखंडात ओतायचे. लाकडातला पंप चुकला तर लोखंडातले पन्नास चुकणार, म्हणून तुमच्या टेबलाशी कोणी मोठ्याने बोलतसुद्धा नसे. लोखंड थंड होताना आक्रसतं, म्हणून तुमची पोलादी फूटपट्टी बाजारातल्या पट्टीपेक्षा किंचित मोठी आखलेली होती. ती मी एकदा न विचारता भूमितीच्या चाचणीला नेली. माझे सगळे त्रिकोण बरोबर काढलेले आणि सगळे चूक. बाईंनी मला उभं केलं, आणि घरी आल्यावर तुम्ही माझी उत्तरपत्रिका बघून इतके हसलात की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हे त्रिकोण थंड झाले की बरोबर होतील, असं तुम्ही म्हणालात. बाईंना हे सांगायची माझी छाती झाली नाही.

आणि त्याच टेबलाच्या खणात फडक्यात गुंडाळलेली ती पटाशी. आपल्या घराशी संबंध असलेली एकुलती एक विलायती वस्तू. नवी भट्टी बसवायला परदेशातून एक गोरा मिस्त्री आला होता, तो वर्षभर राहिला. त्याला तुमची भाषा येत नव्हती, तुम्हाला त्याची. तरी दोघं तासन् तास एका लाकडावर ओणवे असायचात म्हणे. तुम्ही केलेला एक अवघड साचा पहिल्याच ओताला बरोबर उतरला, त्या दिवशी त्याने स्वतःच्या पेटीतली दीड इंची पटाशी काढून तुमच्या हातात ठेवली. तिची मूठ फुटकी होती. तुम्ही शिसवीची नवी केलीत आणि नंतर आयुष्यभर तिला फक्त 'विलायती' म्हणत राहिलात. आई म्हणायची, ह्यांची विलायती जेवली का? तुम्ही रोज सकाळी तिने मनगटावरचे चार केस काढून बघायचात. तुमचं ते मनगट कायम तासलेलं असायचं.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा व्हायचीच, पण तुमची स्वतःची हत्यारं तुम्ही घरी आणायचात. दोन रंधे, करवत, चार देशी पटाश्या आणि ती विलायती. नवमीला सकाळी पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडू, आणि दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. मी सहावीत असतानाची खंडेनवमी. अष्टमीच्या दुपारी आई मला देवांची उपकरणी घासायला बसवते. वाडग्यात भिजवलेली चिंच, बाजूला जाडं मीठ, मोरीतल्या पाटावर मी. समई, निरांजन, ताम्हन, पळी. पितळ कसं उजळत जातं ते बघत बसणं मला फार आवडायचं. सगळं घासून झालं आणि वाडग्यात अर्धी चिंच उरली. तुम्ही दुसऱ्या पाळीला गेलेले होतात, हत्यारं पिशवीत कोपऱ्यात होती. मला वाटलं, देवांना एवढं घासायचं आणि ज्यांची पूजा करायची त्यांनाच नाही? मी एकेक हत्यार घेतलं आणि चिंच-मिठाने खसाखसा घासलं. विलायतीला सगळ्यात जास्त, कारण ती तुमची सगळ्यात लाडकी. ती चांदीसारखी झाली, बाबा. तोंड दिसत होतं तिच्यात. मग मी पाणी ओतलं, फ्रॉकला पुसली आणि परत पिशवीत ठेवली.

सकाळी तुम्ही हत्यारं पाटावर मांडता मांडता थांबलात. यंदा हत्यारं झळकतायत, असं आईला म्हणालात. आई झेंडू निवडत राहिली. मी ठरवलं होतं, आत्ता नाही सांगायचं. दसऱ्याला हत्यारं उचलताना तुम्ही परत म्हणाल, झळकतायत, तेव्हा सांगायचं. मग तुम्ही ओलं हळदकुंकू लावलंत, ओला झेंडू वाहिलात, आणि दोन दिवस ती हत्यारं तशीच राहिली. पुढे मी तीस वर्षं केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेत काढली, रोज कुठल्या ना कुठल्या नमुन्यातलं मीठ मोजलं. पोलादाला खराब कसं करावं असा प्रयोग कोणी मला लावायला सांगितला असता तर याहून चांगला लावता आला नसता. आम्ल, मीठ, ओल, आणि वर हात लावायची बंदी.

दसऱ्याला संध्याकाळी तुम्ही विलायतीवरचं फूल बाजूला केलंत. खाली तपकिरी डाग. तुम्ही ती उचललीत, खिडकीशी नेलीत, उलटी करून बघितलीत, बोटाने डाग चोळलेत. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. तुम्ही बाहेर बघत राहिलात. मग म्हणालात, यंदा हवा फार दमट आहे. मी तो शब्द असा पकडला की काय सांगू. फारच दमट आहे, असं मी म्हटलं. आमच्या शाळेतला फळासुद्धा ओला होता, असंही म्हटलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मग सोनं वाटायला बाहेर गेलात.

बाकीची हत्यारं रॉकेलने आणि पॉलिश पेपरने साफ झाली. विलायतीची पाठ तेवढी राहिली. आता मला त्यातलं कळतं, म्हणून त्या वेळचं तुमचं दुःखही कळतं. पटाशीची धार म्हणजे दोन बाजू जिथे भेटतात ती रेघ. एक बाजू उतरती, तिला आपण घासत राहतो. दुसरी बाजू म्हणजे पाठ, ती आरशासारखी सपाट लागते. पाठीला बारीक खड्डे पडले की धार कितीही लावा, तिथे तिथे दात पडतात, आणि मऊ लाकडावर प्रत्येक दाताची एक रेघ उठते. एक थर घासून काढावा तर पुढचा खड्डा धारेवर येतो. कारखान्यातल्या चाकावर धरली की पोलाद तापतं आणि त्याचं पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरतं, म्हणून तिथेही नेता येईना. आणि तुमचा घरचा, धार लावायचा कुरुंदाचा दगड मधे खोलगट झालेला. रविवारी सकाळी तुम्ही मोरीत दगड घेऊन बसलात की मी काहीतरी निमित्त काढून मैत्रिणीकडे जायची. चोराच्या मनात चांदणं. तुम्हाला वाटलं असेल मुलीला घासण्याचा आवाज आवडत नाही.

महिन्यातून एकदा आपण उल्हासनगरला जायचो, तीन नंबर कॅम्पात, त्या सिंधी शेटच्या हार्डवेअरच्या दुकानात. त्याच्याकडे काचेच्या कपाटात एक परदेशी दगड होता, खाकी रंगाचा, लाकडी पेटीत. तुम्ही खिळे घ्यायचात, सरस घ्यायचात, आणि मग सहज आठवल्यासारखं तो दगड बघायला मागायचात. शेट काढून द्यायचा, चहा मागवायचा. तुम्ही खिशातला चाकू काढून, दगड कसा आहे ते बघतो म्हणून, दोन हात फिरवायचात. चाकूला छान धार लावून झाली की दगड पुसून परत द्यायचात आणि म्हणायचात, पुढच्या महिन्यात. शेटही मान डोलवायचा, हां हां साईं, अगले महिने. असे किती महिने गेले मोजले नाहीत. तो दगड निम्मा तुमच्याच चाकूने झिजला असेल. एकदा मी फुशारकीने म्हटलं, बाबा, तो दुसरा दगड घ्या ना, तो स्वस्त आहे. दुकानातून बाहेर आल्यावर तुम्ही मला थांबवलंत. वस्तूला स्वस्त म्हणू नये, ती ऐकते, असं तुम्ही सांगितलंत. परवडली म्हणावं, नाहीतर नाही परवडली म्हणावं. त्यात कमीपणा आपला असतो, वस्तूचा नाही.

पुढच्या वर्षी नवरात्र बसायच्या आधी तुम्ही कारखान्यातून येताना माझ्यासाठी काहीतरी आणलंत. भंगारात निघालेली तेलाची छोटी कुपी होती, लांब बारीक चोचीची, बूड दाबलं की टक वाजून एक थेंब यायचा. तुम्ही तिला घासून रंग दिला होतात, निळा. बरोबर मलमलचा एक तुकडा. मला समोर बसवून तुम्ही म्हणालात, "बाय, या वर्षीपासून हत्यारं तुझ्याकडे. पाणी नको, आंबट नको, नुसतं तेल." मला केवढं मोठं झाल्यासारखं वाटलं. वर्गात कोणाकडे असली कुपी नव्हती. त्यानंतर लग्न होईपर्यंत दर अष्टमीला मीच हत्यारांना तेल लावलं, आणि दर वर्षी विलायतीवर आल्यावर तिची पाठ न बघता पुसली.

याच काळात तुम्ही मला धार लावायलाही शिकवलंत, गुपचूप, कारण आईच्या मते मुलीच्या जातीला हे शोभत नव्हतं. देशी पटाशीवर शिकवलंत. धार आली की नाही हे मनगटावर बघायला मला मनाई होती, म्हणून कागदावर. वर्तमानपत्राची कड धरायची, पटाशी नुसती टेकवायची, आवाज न करता कागद सुटला पाहिजे. एकदा वर्तमानपत्र नव्हतं म्हणून मी माझ्या इतिहासाच्या वहीचं पान फाडलं. तेवढ्यावरून तुम्ही माझ्यावर एकदाच काय ते ओरडलात. लिहिलेल्या कागदावर हत्यार चालवायचं नाही. विद्या असते ती. मी म्हटलं, अहो, सनावळ्या आहेत नुसत्या. तरी तुम्ही ते पान माझ्याकडून घेतलंत, कपाळाला लावलंत आणि घडी घालून वहीत परत ठेवलंत.

तुम्ही जाऊन एकवीस वर्षं झाली. तुमची पेटी माझ्याकडे आली, कारण दुसरं कोणी मागितली नाही. ती पलंगाखाली राहिली. नोकरी, मुलाचं शिक्षण, सासूबाईंचं आजारपण, अंबरनाथ पूर्वेची जागा विकून बदलापूरला येणं, यात पलंग बदलला पण पेटी पलंगाखालीच. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले तेव्हा लोक विचारायचे, आता काय करणार? मी म्हणायची, बघू. मग एक दिवस बाल्कनीत टेबल टाकलं आणि पेटी ओढली. पहिल्यांदा पोळपाट केला, तो डुगडुगतो. मग चमचे केले. माझ्यासारखेच लाकूडवेडे इथे बरेच आहेत हे तेव्हा कळलं. अंबरनाथ पूर्वेला एक दंतवैद्य आहेत, दुपारी दवाखाना बंद ठेवून लाकडाचे पक्षी कोरतात. त्यांचं भिंग आणून मी विलायतीची पाठ पहिल्यांदा नीट बघितली. चाळीस-पन्नास खड्डे, मोहरीच्या दाण्याहूनही बारीक. मी मोजत गेले आणि मोजता मोजता थांबले. ठरवलं, ही पाठ मी सपाट करणार, आणि या नवरात्राच्या आत करणार. उरलेल्या आयुष्यात आणखी एक खंडेनवमी तिच्याकडे न बघता काढायची नव्हती.

म्हणून मी उल्हासनगरला गेले. शेट आता नाहीत, दुकानावर त्यांचा मुलगा बसतो, त्याचेही केस पांढरे झाले आहेत. काचेचं कपाट तेच. मी त्याला विचारलं, सपाट राहणारी हिऱ्याच्या भुकटीची पाटी आणि शेवटच्या घोटाईचा जपानी दगड मिळेल का. त्याने मुंबईच्या आयातदाराला फोन लावला, किंमत ऐकली आणि फोनवर हात ठेवून मला सांगितली. मी खुर्चीवर बसले. त्याने फोन ठेवला, चहा मागवला, आणि म्हणाला, "दीदी, ये माल तीन हाथ घूम के आता है, हर हाथ अपना निकालता है. आप खुद बाहर से मँगाओ ना. मैं भी मँगाता हूँ." सोनारानेच कान टोचले म्हणायचे. मी त्याला सांगितलं की माझे वडील तुमच्या वडिलांच्या दगडावर चाकूला धार लावून जायचे. तो म्हणाला, मालूम है, तो चाकूवाला आला की पप्पा आधीच दगड धुऊन ठेवायचे. बाबा, हे ऐकून मला रस्त्यात हसू येत राहिलं, आणि थोडं रडूही.

मग मी आणि डॉक्टर, आम्ही दोघं फोनवर परदेशी दुकानं बघत बसलो. तुम्हाला सांगते, त्यातही एक कसब आहे. इंग्लंडातलं एक दुकान आहे, तिथल्या किमतीत त्यांच्या देशाचा कर धरलेला असतो. पत्त्यात इंडिया निवडलं की तो कर गळून पडतो आणि किंमत डोळ्यांसमोर खाली येते. आपल्या देशाचं नाव काढल्यावर कशाची तरी किंमत उतरलेली मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. पण टपालखर्च वजनावर, आणि दगड तो दगडच. तीन जाड दगड घ्यायचे मनात होते, ते टपालाने खाल्ले असते. मग डॉक्टर म्हणाले, पाटी पातळ असते, खरखरीत कामाला दोन्ही बाजूंची एकच पाटी घ्या, दगड फक्त शेवटचा घ्या. त्यांना दोन कोरणी हवी होती, ती हलकी, तीही त्याच खोक्यात घातली आणि टपाल दोघांत वाटलं. डॉक्टर रोज सकाळी दात तपासायच्या आधी पौंडाचा भाव तपासायचे. एक दिवस त्यांचा मेसेज आला, उतरला, घ्या. मी लॅबमध्ये आम्लाचे थेंब मोजताना घाबरले नसेन तेवढी ते बटण दाबताना घाबरले.

पार्सल कस्टममध्ये अडकलं. ओळखपत्र द्या, वस्तूंचं वर्णन द्या, उपयोग लिहा. मी उपयोगाच्या रकान्यात खरं तेच लिहिलं, वडिलांच्या पटाशीची पाठ सपाट करणे. दुसऱ्या दिवशी तिथून एका माणसाचा फोन आला. दगड नैसर्गिक की कारखान्यातला, असं हिंदीत विचारलं. मग उपयोग परत विचारला. मी धार लावण्याचं सांगितलं तसा तो मराठीवर आला आणि म्हणाला, आमचे आजोबा सुतार होते मॅडम, ते विहिरीच्या काठावरच्या दगडावर लावायचे, फुकट. मी म्हटलं, माझी विहीर लांब आहे हो. तो हसला. ड्युटी लागली ती लागलीच, पण ती धरूनही आयातदाराच्या किमतीपेक्षा बरंच खाली आलं. मला ते स्वस्त पडलं, असं म्हणणार होते. परवडलं.

सहा दिवस लागले, बाबा. स्वयंपाकघरात ओट्यावर, पाटीखाली ओलं फडकं, नळ शेजारी. पाठ टेकवायची आणि पुढे-मागे, पुढे-मागे, राखाडी पाणी सुटतं ते धुवायचं, परत. पहिल्या दिवशी बोटांची टोकं बधिर झाली. तिसऱ्या दिवशी निम्मे खड्डे गेले आणि उरलेले जास्तच काळे दिसायला लागले. आई मागे स्टुलावर बसून बघायची. चौथ्या दिवशी तिने विचारलं की ही एवढी कशाला घासतेस, तुझ्याकडे दुसऱ्या चार आहेत. माझे हात चालूच होते, तिच्याकडे पाठ होती, आणि मी एका दमात सांगून टाकलं. ते डाग हवेचे नव्हते. मी सहावीत असताना चिंच-मिठाने घासली होती. बाबांना कधी बोलले नाही.

आईने स्टूल ओढून जवळ घेतलं. मग ती म्हणाली, "चिंच कोणी भिजवून दिली होती तुला? मी आत बसून बघत होते सगळं. मला वाटलं, घासू दे, बापाचं काहीतरी करतेय पोर." दसऱ्याला डाग बघून तिच्या लक्षात आलं, आणि तुम्ही दमट हवा म्हणालात तेव्हा तिचाही जीव भांड्यात पडला. एवढी वर्षं ती स्वतःला दोष देत होती आणि मी मला. ह्यांना मी कधी बोलले नाही, असं तीही म्हणाली. पाटी धुवायला मी नळाकडे वळले, आणि तेवढ्यात माझी नजर खिडकीतल्या निळ्या कुपीवर गेली. ती अजून आहे, रंग बराच उडालाय. मी आईला तुमचं ते वाक्य म्हणून दाखवलं. पाणी नको, आंबट नको, नुसतं तेल. पाणी नको म्हणणं ठीक आहे, कोणीही म्हणेल. पण हत्यारांना आंबट लावायचं जगात कोणाच्या डोक्यात येतं, की ते नको म्हणून सांगावं लागावं?

आई हसायला लागली ती थांबेचना. डोळ्यांना पदर लावून हसत होती. आपण दोघी स्वतःला शहाण्या समजत होतो गं, असं म्हणत होती. मला तुमचा रागही आला, खोटं कशाला बोलू. तेव्हाच म्हणाला असतात की मला ठाऊक आहे, तर मी किती रविवार घरी बसले असते, तुमच्या शेजारी. पण रागावून झाल्यावर दुसरंही सुचलं. त्या दिवशी खिडकीशी उभं राहून तुम्ही बाहेर बघत होतात, तेव्हा हवा बघत नव्हतात. विलायती की मुलगी, हे ठरवत होतात, आणि ठरवायला तुम्हाला फार वेळ लागला नाही. ओरडला असतात तर मी परत हत्याराला हात लावला नसता. आज ही बाल्कनी नसती, तो डुगडुगता पोळपाट नसता, काहीच नसतं. मला तुमची फार आठवण आली, बाबा, भरल्या पोटी येते तशी, सुखाची.

सहाव्या दिवशी पाठ सपाट झाली. जपानी दगडावर शेवटचा हात फिरवला आणि तिच्यात माझा चष्मा दिसला. एक खड्डा ठेवलाय, अगदी वर, मुठीजवळ, जिथून धारेला काही धोका नाही. तो घालवायला आणखी दोन दिवस लागले असते आणि माझे खांदे दुखत होते.

आज अष्टमी आहे. दुपारची वेळ आहे, आई झोपली आहे. सगळ्या हत्यारांना तेल लावून झालं, उद्या पाटावर मांडायची, म्हणजे दसऱ्यापर्यंत हात लावता येणार नाही. पत्र कुठे पाठवायचं नाहीच आहे, पेटीत मलमलच्या खाली ठेवीन. पण खोक्यातल्या त्या आणखी एका वस्तूचं सांगायचं राहिलं. त्याच पार्सलात मी एक नवी पटाशीही मागवली होती, दीड इंची, हुबेहूब विलायतीसारखी. वजन फारसं वाढत नव्हतं, हे मी डॉक्टरांना सांगितलेलं कारण. खरं कारण, तुमची सुधारेल असा माझा मला भरवसा नव्हता. नाहीच सुधारली तर पाटावर ती ठेवायची आणि आईला आणि स्वतःला सांगायचं की हीच, असं मनात होतं. ती अजून कागदात गुंडाळलेली आहे. उद्या तिलाही मांडते तुमच्या विलायतीच्या शेजारी. तिचा काही दोष नाही.

तुमच्या पटाशीची धार मात्र मी अजून बघितलेली नाही. धीर होत नव्हता. पण उद्या हात लावता येणार नाही म्हणजे आजच बघायला हवी. हल्ली घरात वर्तमानपत्र येत नाही, सगळं फोनवर. कागद आहे तो हाच. लिहिलेल्यावर चालवणार नाही, खालची कोरी पट्टी आहे ना, तेवढीच धरते.

सुटली. आवाजसुद्धा झाला नाही. इतकी सरळ सुटली की सही करायला जागा उरलेली नाही.